लढाईत लव्हस्टोरी कुठून आली? : ‘सिंहगड’, १९२३

इअरफोन लावलेत ना? चला.

‘गॉन विथ द विंड’ हे नाव ऐकलं असेल. १९३९ चा हॉलिवूडपट, अमेरिकेतलं यादवी युद्ध, मध्ये स्कार्लेट आणि रेटचं प्रेम. जवळजवळ चार तास! त्यातल्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनिअलला ऑस्कर मिळालं, कृष्णवर्णीय कलाकाराला मिळालेलं पहिलं. पण अटलांटातल्या प्रीमियरला तिला जाता आलं नाही, कारण तिथे काळ्या-गोऱ्यांसाठी वेगळे कायदे. १९२७ चं चवदार तळं ज्यांच्या तालुक्यात आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आणि सिनेमात? गुलामगिरी अगदी मखमलीत गुंडाळलेली.

आता आपल्याकडे या. त्याच्या सोळा वर्षं आधी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ काढला. मूकपट. हिरो आपला शेजारी, तान्हाजी मालुसरे. बिरवाडीतून हायवेला लागलं की पोलादपूर, तिथून आत उमरठ. समाधी तिथेच आहे.

पेंटर म्हणजे भन्नाट माणूस. कॅमेरासुद्धा कोल्हापुरातच बनवलेला. तेव्हा शूटिंग म्हणजे सगळा उन्हाचा खेळ. पण कोंढाणा चढले रात्री! मग यांनी रात्रीच्या सीनसाठी कृत्रिम दिवे लावले. म्हातारा शेलारमामा झाला होता व्ही. शांताराम, वय विशीतलं. पुढे १९३३ मध्ये त्याच शांतारामांनी ‘प्रभात’साठी ‘सिंहगड’ बोलपट केला.

सिनेमाला आधार होता हरी नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीचा. त्यात कमलकुमारी आहे. सती जायला निघालेली राजपूत स्त्री. उदयभान तिला पळवून कोंढाण्यावर आणतो. म्हणजे गड जिंकायचा तो स्वराज्यासाठी, आणि तिची सुटका व्हावी म्हणूनही. २०२० च्या ‘तान्हाजी’त सैफचा उदयभान आठवा, तिथेही कमल आहेच! शंभर वर्षं झाली, बाई काही गड सोडेना.

मला यात एक गोष्ट खटकते. उदयभानाला बायका पळवणारा केला की प्रश्नच मिटतो. मग कोणी विचारत नाही, की अरे, राजपूत माणूस सह्याद्रीतल्या गडावर मराठ्यांशी लढतोय कशाला? उत्तर १६६५ च्या पुरंदरच्या तहात आहे. मिर्झाराजे जयसिंगांपुढे महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले, त्यात कोंढाणा. किल्लेदार राजपूत, चाकरी औरंगजेबाची. फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्री दोन्हीकडून मेले ते इथलेच. हे प्रेमकथेपेक्षा जास्त बोचतं, म्हणून असेल कदाचित, पडद्यावर कमी दिसतं.

माझ्या मते या गोष्टीत घरातलं नातं हवंच असेल तर रायबाचं लग्न आहे की! तेही शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून आलेलं, कागदोपत्री पुरावा मागू नका. पण ते आपल्या मातीतलं वाटतं. मांडव, आमंत्रण, आणि बाप निघून गेला.

आपल्याकडे सांगतात, तान्हाजींचा देह मढे घाटाने उतरवून उमरठला नेला, म्हणून घाटाचं नाव मढे. तो घाट उतरतो आपल्याच महाड तालुक्यात. ती वाट कुठल्या सिनेमात नीट पाहिल्याचं मला आठवत नाही.

तुमच्या घरी रायबाच्या लग्नाची गोष्ट वेगळी सांगत असतील, तर आजीच्या आवाजात व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवू.