लाल पेन कुठं थांबवायचं?
(नळदुर्ग येथील लेखन-शिबिरातील भाषण)



आपल्या आठवणी आता छापायला जायच्या आहेत. त्याआधी शुद्धलेखन तपासायचंच. 'शिर' म्हणजे डोकं, 'शीर' म्हणजे रक्ताची नस. 'हाताचं शिर कापलं' असं छापलं तर वाचणारी अडखळेल. शंका आली की कोश उघडावा, त्यात कमीपणा नाही.

पण लाल पेन एकदा चालू लागलं की ते कुठं थांबेल सांगता येत नाही. आपल्याकडं 'नवरा मारायलाय' म्हणजे या घडीला मारतो आहे. पुण्यामुंबईच्या तपासणाऱ्याला हे रूप ठाऊक नसलं तर तो 'मारायला आला' करतो. झालं! मार बसलाच नाही, नुसता हात उगारला. 'मारायचा' हे रोजचं. त्याचं 'मारले' केलं की वर्षानुवर्षांचा जाच एका दिवसाचा होतो.

'मारहाण झाली' हे मात्र आपणच लिहितो. व्याकरणात चूक काहीच नाही. पण मारलं कोणी? कर्ता लिहा. भीती असेल तर नाव बदला. 'नवऱ्यानं', 'दिरानं' हे राहू द्या.

शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. 'जल्माची' तसंच राहिलं, अन् ते सगळ्यांना कळलं.

तेव्हा छपाईआधीची प्रत मागून घ्या. जिला वाचता येत नाही तिनं ती मोठ्यानं वाचून घ्यावी, आणि 'हे मी बोलले नाही' वाटेल तिथं थांबवावं.