जुना रेकॉर्ड-प्लेअर घेताना

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेपलीकडच्या प्रवासाला धाडली, तेव्हा प्रत्येक यानाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक ध्वनिमुद्रिका पाठवली. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी तीत आहे, ही गोष्ट गोमंतकात पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु त्याच वेष्टनात आणखी काय ठेवले आहे याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तबकडीबरोबर ती वाजवण्याचे कार्ट्रिज आणि सुई ठेवलेली आहे. शिवाय तबकडीचा एक फेरा ३.६ सेकंदांत पुरा झाला पाहिजे, हेही वेष्टनावर आकृतीने कोरलेले आहे. सुई चुकली किंवा वेग चुकला, तर तबकडीत गाणे असून नसल्यासारखेच, ही जाणीव पाठवणाऱ्यांना होती.

मडगाव असो, बेळगाव असो की इंदूर, मराठी वस्तीच्या जुन्या गावांत अजूनही अशी घरे आहेत की ज्यांच्या कपाटात वडिलांच्या वा आजोबांच्या वेळच्या तबकड्या ओळीने उभ्या आहेत. समजा, मडगावच्या एखाद्या निवृत्त गृहस्थाकडे अशा दीडशे तबकड्या आहेत. निम्म्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या, ठिसूळ. उरलेल्या ३३⅓ फेऱ्यांच्या लाँग-प्ले, ज्या जातीच्या तबकड्या अमेरिकेत १९४८ साली प्रथम निघाल्या. त्यांत नाट्यपदे आहेत, ख्याल आहेत, कोकणी गीते आहेत, आणि नाताळात हमखास बाहेर निघणारी दोन-चार इंग्रजी गाणीही आहेत. वाजवायला १९७० च्या सुमाराचा एक पेटीवजा प्लेअर आहे. तो अजून चालतो. पण त्यावर बाईंचा आवाज कोंडल्यासारखा येतो आणि तबला मडक्यासारखा वाजतो. नवे उत्तम यंत्र परवडत नाही, म्हणून वापरलेले पण बऱ्या जातीचे एखादे यंत्र घ्यावे असा विचार घरात चालला आहे. या गृहस्थाने बाजारात काय पाहावे?

प्रथम, घाई कशासाठी करावी आणि कशासाठी करू नये, हे समजून घेतले पाहिजे. पेटीवजा प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक जातीचे कार्ट्रिज असते आणि त्याची सुई पाच-सहा ग्रॅम भाराने तबकडीवर बसते. चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला दीड ते दोन ग्रॅम पुरतात. हा फरक ऐकताना कळत नाही; तो वर्षांनी कळतो. प्लास्टिकच्या खाचेच्या भिंतींवर जी सूक्ष्म नक्षी असते, तीतील सर्वांत नाजूक भाग म्हणजे उंच स्वरांचा. जड आणि बोथट सुई तोच आधी खरवडून टाकते. एकदा गेलेली नक्षी कोणत्याही यंत्राने परत येत नाही. म्हणून ज्याच्याकडे पुन्हा न निघालेल्या तबकड्या आहेत, त्याने नवे यंत्र येईपर्यंत जुन्यावर त्या वाजवणे थांबवावे. आवडीची तबकडीच माणूस जास्त वाजवतो, आणि म्हणून तीच आधी मरते.

यानंतर यंत्राची निवड. येथे बहुतेकांची चूक होते ती नावाच्या मोहाने. कोणी सांगतो टेक्निक्स घ्या, कोणी गॅरार्ड, कोणी थोरेन्स. ही सर्व नावे खरोखरच थोर आहेत. पण यंत्र आपल्या कपाटासाठी घ्यायचे असते. टेक्निक्सचे १९७९ साली निघालेले एस.एल. १२०० मार्क टू हे यंत्र लोखंडासारखे टिकाऊ म्हणून जगभर नावाजले गेले. तथापि त्यावर फक्त ३३⅓ आणि ४५ हे दोनच वेग आहेत. निम्म्या तबकड्या ७८ च्या असणाऱ्या मडगावच्या गृहस्थाने ते घेतले, तर वडिलांचे अर्धे कपाट कायमचे मुके झाले असे समजावे. उलट ज्याच्याकडे केवळ लाँग-प्ले आहेत, त्याला याहून निर्धास्त जुने यंत्र मिळणे कठीण. इंग्लंडातील गॅरार्ड कंपनीचे ३०१ हे १९५४ साली आलेले यंत्र ७८ वरही फिरते. परंतु ते टोन-आर्मविना येते, त्याला आर्म व लाकडी बैठक वेगळी करून घ्यावी लागते, आणि आता त्याची किंमत यंत्राची राहिली नसून कीर्तीची झाली आहे. मध्यमवर्गीयाने त्याच्या वाटेला जाऊ नये हे बरे. स्विट्झर्लंडचे लेन्को एल ७५ मात्र आपल्या गृहस्थासाठी विचार करण्याजोगे आहे. त्याची थाळी सुमारे चार किलोची, आणि वेग एका दांडीने १६ पासून ७८ च्या पुढपर्यंत हवा तितका सरकवता येतो. फार जुन्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नसत. गायकाची पट्टी माहीत असेल, तर या यंत्रावर वेग किंचित कमीजास्त करून स्वर जुळवून घेता येतो. त्याचेही एक दुखणे आहे: टोन-आर्म ज्या दोन लहान रबरी खोबणींत टेकतो, त्या वयोमानाने कडक होऊन तुटतात. पण त्या बदलून मिळतात. ज्याचे दुखणे ठाऊक आहे आणि औषध मिळते, असे जुने यंत्र केव्हाही पत्करावे.

थाळी फिरवण्याचे तीन प्रकार आहेत, आणि प्रत्येकाचे म्हातारपण निराळे. रबरी चाकाने फिरणाऱ्या यंत्रात चाक एकाच जागी दाबलेले राहून त्याला खळगा पडतो. मग प्रत्येक फेऱ्याला धप्-धप् असा आवाज येतो. पट्ट्याने फिरणाऱ्यात पट्टा सैल पडतो, आणि कोकणच्या पावसाळ्यांत तर वितळून डांबरासारखा चिकटतो. पण पट्टा स्वस्त असतो, त्यावरून सौदा मोडू नये. थेट मोटारीवर फिरणाऱ्यात झिजण्यासारखे फार थोडे, मात्र त्यातील इलेक्ट्रॉनिक भाग बिघडला आणि तो बनणे बंद झालेले असले, तर गावातील कारागीर हात टेकतो. आपोआप उचलणारे व परत येणारे आर्म ज्या यंत्रांत असतात, त्यांतले जुने ग्रीस डिंकासारखे घट्ट झालेले असते. विक्रेता म्हणतो, ‘थोडे तेल टाकले की चालेल.’ ते तेल त्यानेच टाकून दाखवावे.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण परदेशातून आलेल्या आप्तांनी आणलेली यंत्रे या भागांत पुष्कळ फिरतात. भारतातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, अमेरिकेतील ६० आवर्तनांची. आखातातही सर्वत्र एक नाही: कुवेत, बहारीन येथे ५०, तर सौदी अरेबियात ६०. अनेक जुन्या यंत्रांची मोटार या आवर्तनांच्या तालावर चालते. ६० साठी केलेले यंत्र ५० वर लावले की ते पाच-षष्ठांश वेगाने फिरते, म्हणजे ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे. गाणे लांबते आणि स्वर जवळजवळ तीन अर्धस्वर खाली येतो; काळी दोनमध्ये गाणारी बाई पांढरी एकमध्ये गाऊ लागते आणि घरातील कोणाला तरी वाटते की तबकडीच खराब झाली. ट्रान्सफॉर्मर लावल्याने दाब बदलतो, आवर्तने बदलत नाहीत. मोटारीच्या दांड्यावरील पितळी कप्पी ५० ची मिळत असेल, तरच असे यंत्र घ्यावे. क्वार्ट्झवर नियंत्रित होणाऱ्या थेट मोटारीच्या यंत्रांना ही अडचण नाही; त्यांचा केवळ दाब जुळला पाहिजे.

वेग पाहण्याची जुनी रीत सोपी आहे. कागदी चकतीवर १८० रेघा आखलेल्या असतात. ती थाळीवर ठेवून ५० आवर्तनांच्या विजेवर चालणाऱ्या साध्या बल्बच्या उजेडात पाहिले, की ३३⅓ च्या अचूक वेगात रेघा जागच्या जागी स्थिर दिसतात. पुष्कळशा एलईडी दिव्यांखाली त्या दिसत नाहीत, म्हणून जुना बल्ब शोधावा लागतो. मोबाइल थाळीवर ठेवून वेग मोजण्याची सोय आता झाली आहे, तीही कामचलाऊ आहे. परंतु सरासरी वेग बरोबर असूनही यंत्र डोलत असेल, तर ते कानालाच कळते. त्यासाठी दुकानात जाताना घरची एक लाँग-प्ले बरोबर न्यावी, आणि ती ठेक्याच्या गाण्याची नसावी. संथ आलाप, मागे तंबोरा, किंवा हार्मोनियमचा लांब धरलेला स्वर असे काही असावे. धरलेला स्वर पाण्यावरच्या होडीसारखा हलू लागला, तर किंमत कितीही उतरली तरी पैसे खिशातच ठेवावेत.

मोटार, थाळी यांपेक्षाही अधिक वेळ टोन-आर्मवर घालवावा. ग्राहक नेमका येथेच घाई करतो. आर्म दोन बोटांत अलगद धरून पुढेमागे, वरखाली हलवून पाहावा: सांध्यात खुळखुळ असता कामा नये. मग मागचे वजन फिरवून तो आडवा तरंगता करावा. निरोगी आर्म हळूच फुंकर घातली तरी सरकतो आणि कोठेही अडत नाही. मागचे वजन मूळचेच आहे ना, हे विचारावे. एका आर्मचे वजन दुसऱ्याला चालत नाही, आणि ते हरवलेले असेल तर सारे यंत्र लंगडे. थाळीच्या कडा दाबून ती डुगडुगते का पाहावे. सुई तबकडीच्या आरंभीच्या निःशब्द खाचेत ठेवून आवाज वाढवावा; गाडी दुरून जात असल्यासारखी घरघर आली तर धारव्यात दोष आहे.

यानंतर तबकडीचा शेवट ऐकावा. लाँग-प्लेच्या बाहेरच्या काठाला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. आतल्या टोकाशी तीच २१ सेंटिमीटरवर येते. तेवढ्याच वेळाचे गाणे निम्म्याहून कमी जागेत बसवलेले असते, म्हणून सुई झिजलेली असली किंवा कार्ट्रिज वाकडे बसवलेले असले, तर आवाज प्रथम तेथे फाटतो. दैवदुर्विलास असा की ख्यालात द्रुत शेवटी येते, आणि ताना तेथेच येतात. दुकानदार नेहमी पहिले गाणे ऐकवतो. ग्राहकाने शेवटचे मागावे.

सुईविषयी कोणाच्याही शब्दावर विसंबू नये. हिऱ्याची सुईदेखील पाचशे ते हजार तासांत झिजते, आणि जुन्या यंत्राची सुई किती तास चालली हे विक्रेत्यालाही माहीत नसते. यंत्र कितीही सुरेख असो, नव्या सुईचा खर्च किंमतीत धरूनच सौदा करावा. कार्ट्रिज कोणते आहे हेही पाहावे, कारण अमेरिकेतील शुअर कंपनीने, जिची कार्ट्रिजे घरोघर होती, २०१८ साली ती बनवणे थांबवले. त्यांना दुसऱ्यांच्या सुया मिळतात, पण त्या सर्व सारख्या नसतात. आणि ७८ च्या तबकड्यांना सुई वेगळीच लागते. लाखेची खाच रुंद असते, तिला लाँग-प्लेच्या सुईच्या साधारण चौपट गोलाईचे टोक हवे. बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी कचऱ्यात घासत जाते आणि खरखरच ऐकू येते. उलट ७८ ची सुई लाँग-प्लेवर ठेवली, तर एका वादनात कायमची हानी होते.

अखेरची बाब ॲम्प्लिफायरची. सिरॅमिक कार्ट्रिज भरपूर विद्युत्‌दाब देते, म्हणून जुना प्लेअर रेडिओलाही सरळ जोडता येई. चुंबकीय कार्ट्रिज सेकडो पटींनी नसले तरी शंभरेक पटींनी कमी, सुमारे पाच मिलिव्होल्ट देते. शिवाय १९५४ पासून रूढ झालेल्या मुद्रणपद्धतीत मंद्र स्वर दाबून आणि तार स्वर उचलून कोरलेले असतात, ते पूर्ववत करावे लागतात. हे काम फोनो प्रीॲम्प्लिफायर करतो. तो नसेल तर नव्या यंत्राचा आवाज जुन्याहून बारीक आणि चिरका येईल, व घरची मंडळी म्हणतील की यापेक्षा पेटी बरी होती. म्हणून हाती असलेल्या रकमेपैकी निम्मी यंत्राला, निम्मी सुई, कार्ट्रिज, प्रीॲम्प आणि कारागिराच्या मजुरीला, अशी वाटणी करावी. चकाकत्या लाकडी पेटीला यात वाटा नाही.

सौदा ठरल्यावर यंत्र जसेच्या तसे रिक्षात ठेवून नेऊ नये. थाळी उचलून काढावी व वेगळी गुंडाळावी, मागचे वजन सोडवून कागदात बांधावे, आर्म त्याच्या टेकूला दोऱ्याने बांधावा, आणि सुईवर टोपण बसवावे. बैठक स्प्रिंगांवर तरंगणारी असेल, तर वाहतुकीचे स्क्रू आवळावेत. पुष्कळ जुनी यंत्रे पन्नास वर्षे धडधाकट राहून शेवटच्या चार मैलांत मोडली आहेत. घरी आल्यावर सपाट, न हलणाऱ्या फळीवर ते ठेवावे, अर्थिंगची बारीक तार ॲम्प्लिफायरला जोडावी, भार तराजूवर मोजावा, आणि पहिली तबकडी अशी लावावी की जिचे काही बिघडले तरी हळहळ वाटणार नाही. वडिलांच्या लाखेच्या तबकड्या दुसऱ्या दिवशी, त्यांची सुई लावून. ती सुई चढवलेली असताना घरातील मुलांनी चुकून लाँग-प्ले ठेवू नये, म्हणून काही जाणते लोक झाकणावर तेवढ्या वेळापुरती एक चिठ्ठी चिकटवून ठेवतात.