खेचराला घोड्याची किंमत



आजच्या भाषणाचा विषय मोटारीचा आहे. मुलांना व्याकरण आणि अंकगणित शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्या पंतोजीनें मोटारीवर बोलावें याचें कुणास नवल वाटेल. परंतु मोटार विकली न जाण्याचीं कारणें पुष्कळदां यंत्रांत नसून नामांत, विशेषणांत आणि त्रैराशिकांत असतात. आणि तो प्रांत माझ्या ओळखीचा आहे.

क्रॉसओव्हर म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. मोटारींचे जुने वर्ग ढोबळ मानानें दोन. एक घरगुती बसकी गाडी. हिला वेगळी चौकट नसते. नारळाच्या करवंटीप्रमाणें तिचें कवच हाच तिचा आधार. दुसरी जीपच्या जातीची. हिच्या तळाशीं पोलादी तुळयांची भक्कम चौकट असते आणि वरची पेटी त्या चौकटीवर बसविलेली असते. पहिली मऊ चालते, पण खड्ड्यांत पोट टेकते. दुसरी नदीनाल्यांतून जाते, पण आंत बसणाऱ्याचीं हाडें खिळखिळीं करते. या दोहोंच्या मधली, करवंटीच्या बांधणीची, सुखानें चालणारी आणि तरीहि उंच व वाईट रस्त्यावर न अडणारी जी तिसरी गाडी निघाली, तिला क्रॉसओव्हर म्हणतात. घोडा आणि गाढव यांपासून खेचर व्हावें, तशांतला हा प्रकार. खेचर फार गुणी जनावर आहे. डोंगरवाटेवर ओझें वाहण्यांत घोडा त्याची बरोबरी करूं शकत नाहीं. पण बाजारांत त्याला घोड्याची किंमत सांगितली, तर गिऱ्हाईक आधीं त्याचे कान पाहतें.

आज या जातीच्या गाड्यांनीं पुण्या-मुंबईचे रस्ते भरून गेले आहेत. अमेरिकेंतहि तोच प्रकार आहे. असें असतां आरंभींच्या कांहीं गाड्या दुकानांत कां उभ्या राहिल्या?

पहिली साक्ष 'ईगल' या गाडीची. अमेरिकन मोटर्स ही त्या देशांतली चौथ्या क्रमांकाची कंपनी. वरच्या तिघांपुढें ती नेहमींच अशक्त. जीपचा कारखाना १९७० सालीं तिच्या मालकीचा झाला. तिच्या पदरीं रॉय लन नांवाचा मोठा कल्पक अभियंता होता. त्यानें कंपनीची 'काँकॉर्ड' ही साधी घरगुती गाडी घेतली, ती सुमारें तीन इंच उंच केली आणि चारी चाकांना एंजिनची शक्ति पोंचविली. यांतली खुबी सांगण्यासारखी आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या दरम्यान एक बंद डबी असे. डबींत पातळ चकत्या आणि सिलिकोनचा चिकट द्रव. एका बाजूचीं चाकें बर्फावर निसटून गरगरा फिरूं लागलीं, कीं तो द्रव चकत्यांना धरून ठेवी आणि शक्ति दुसऱ्या बाजूकडे वळे. चालकाला दांडी ओढावी लागत नसे, गाडींतून उतरावें लागत नसे. १९७९ च्या उत्तरार्धांत ही गाडी विक्रीस आली. पहिल्या वर्षीं चाळीस हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. लहान कंपनीला हा आंकडा वाईट नव्हता. पुढें मात्र उतरती कळा लागली. १९८८ च्या नमुन्याच्या गाड्या अडीच हजारहि भरल्या नाहींत, आणि सर्व वर्षांची बेरीज जेमतेम दोन लाखांच्या घरांत गेली.

यंत्र असें नामी, मग झालें काय? पहिलें कारण काळ. १९७९ सालींच इराणांत राज्यक्रांति झाली, तेल महागलें, अमेरिकेंत पेट्रोलसाठीं रांगा लागल्या. आणि ईगलच्या पोटांत ४.२ लिटरचें सहा नळकांड्यांचें जड एंजिन, त्यावर चार चाकें फिरविण्याचा भार. दुसरें कारण किंमत. १९८० सालीं ती सात हजार डॉलरांच्या वर होती. सुबारू ही जपानी कंपनी १९७५ पासूनच आपल्या चार चाकें ओढणाऱ्या लहान गाड्या अमेरिकेंत स्वस्त विकीत होती. परंतु माझ्या मतें खरें कारण तिसरें आहे. कंपनीपाशीं नवें कवच घडविण्यास पैसा नव्हता. काँकॉर्डचें कवच मुळांत 'हॉर्नेट' या १९७० च्या नमुन्याच्या गाडीचें. तेंच थोडें घासूनपुसून ईगलला चढविलें. म्हणजे मालकानें जादा पैसे मोजले ते एका बंद डबीसाठीं, आणि शेजाऱ्याला दिसली ती जुनीच काँकॉर्ड, उंच टांचांचे जोडे घातलेली. शिवाय या वस्तूला म्हणावें काय, हें कुणास ठाऊक नव्हतें. क्रॉसओव्हर हा शब्द त्या काळीं मोटारीला कुणी लावीत नसे. ज्या वस्तूला सामान्यनाम नाहीं, तिची चौकशी गिऱ्हाइकानें दुकानांत कोणत्या शब्दांनीं करावी?

गिऱ्हाइकाला अक्कल नाहीं, असें म्हणण्याची कारखानदारांस खोड असते. मला तें पटत नाहीं. मोटार ही घराखालोखाल मोठी खरेदी. चार-पांच वर्षांची शिल्लक ज्यानें एका दिवशीं दुकानदाराच्या हातावर ठेवावयाची, त्याला चूक परवडत नाहीं; ओळखीच्या वस्तूकडे तो वळला तर त्यांत मौढ्य कसलें? याच कंपनीनें १९८३ मध्यें 'चेरोकी' ही नवी जीप काढली. तिलाहि वेगळी चौकट नव्हती, करवंटीचीच बांधणी. पण तोंड मात्र अस्सल जीपचें, चौकोनी. लोकांनीं ती उचलून धरली आणि अमेरिकेंत ती २००१ पर्यंत निघत राहिली.

१९८७ मध्यें क्रायस्लर कंपनीनें अमेरिकन मोटर्स विकत घेतली ती मुख्यतः जीपसाठीं. त्याच डिसेंबरांत ईगलचें उत्पादन थांबलें. विस्कॉन्सिनमधील केनोशा हें या कंपनीचें माहेरघर. तेथील मोटारींची जुळणी १९८८ च्या अखेरीस बंद झाली आणि हजारों कामगारांच्या घरीं बसण्याची पाळी आली. याचा दोष एकट्या ईगलकडे जात नाहीं. ती बिचारी तेव्हां तेथें तयारहि होत नव्हती. पण एखादा नमुना खपला नाहीं म्हणजे दुकानाच्या कांचेआड एवढेंच होतें, असें कुणीं समजूं नये.

पुढें १९९४-९५ च्या सुमारास सुबारूनें जवळ जवळ ईगलचाच प्रयोग पुन्हां केला. आपली 'लेगसी' गाडी उंच केली, 'आउटबॅक' असें रानावनाचें नांव दिलें आणि पॉल होगन या ऑस्ट्रेलियन नटाकडून ती वस्तु काय आहे हें लोकांना समजावून सांगितलें. तेव्हां पेट्रोलहि स्वस्त होतें. गाडी चालली. टोयोटाची रॅव्हफोर आणि होंडाची सीआरव्ही यांनींहि त्याच सुमारास बाजार काबीज केला.

मग आतां वाट मोकळी झाली असें वाटावें, तों जनरल मोटर्सच्या पाँटियाक विभागाची 'अॅझ्टेक' आली. १९९९ च्या डेट्रॉइट प्रदर्शनांत तिचा मासला मांडला गेला आणि दुसऱ्या वर्षीं विक्री सुरू झाली. सोयी म्हणाल तर अफाट. मागें जोडावयास तंबू, आंत पसरावयास हवेची गादी, दोन आसनांच्या मध्यें काढतां येणारी थंड पेटी. पण पैसे वांचवावे म्हणून तिचा सांगाडा घेतला तो कुटुंबाच्या मोठ्या व्हॅनचा. त्यामुळें अंग अरुंद आणि उंच, बाजूंना करड्या प्लास्टिकचा पट्टा, आणि पुढें एकावर एक अशा दिव्यांच्या व जाळ्यांच्या ओळी. रानांत हिंडणाऱ्या तरुणांसाठीं म्हणून गाडी काढली, आणि किंमत ठेविली सुमारें २२,००० डॉलर. वर्षाला ७५,००० गाड्या खपतील अशी अपेक्षा होती. एकाहि वर्षीं ३०,००० चा टप्पा गांठला नाहीं. २००५ च्या नमुन्यानंतर ती बंद झाली.

येथें शास्त्रज्ञाला हवा असतो तसा प्रयोग आयताच हातीं येतो. त्याच कारखान्यांत, त्याच सांगाड्यावर, ब्यूक विभागानें 'राँदेव्हू' नांवाची गाडी काढली. तिचें तोंड सौम्य, चारचौघांसारखें. ती वर्षाला ६०,००० च्या पुढें खपली. हाडें तींच, कातडें निराळें. (अॅझ्टेकची आणखी एक विटंबना आमच्या व्यवसायाला लागून आहे. 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन दूरचित्रमालिकेंत नशिबानें गांजलेल्या रसायनाच्या शिक्षकाला हीच गाडी दिली होती. मास्तराची दैना दाखवावयास लेखकांना याहून दुसरी गाडी सुचली नाहीं!)

आतां आपल्या दारांतलें उदाहरण. ऑक्टोबर २०१० मध्यें टाटा मोटर्सनें 'आरिया' बाजारांत आणली. ती पुण्याजवळ पिंपरीस तयार होई आणि भारतीय क्रॉसओव्हर म्हणून तिचा गाजावाजा झाला. वास्तविक तिच्या तळाशीं जुन्या पद्धतीची चौकटच होती; क्रॉसओव्हर हें कारखान्यानें ठेवलेलें नांव. सात माणसें आरामांत बसत, एंजिन १४० अश्वशक्तीचें, चाल सुखाची. पण आरंभीं सर्व गाड्या चारी चाकें ओढणाऱ्याच काढल्या, म्हणून किंमत तेरा लाखांच्या आसपास सुरू झाली. टोयोटाची इनोव्हा त्याहून कमी पैशांत मिळत असे आणि तिची परीक्षा भाड्याच्या गाड्यांवर लाखों मैल झालेली होती. त्यांतून आरियाचा चेहरा त्याच कंपनीच्या लहान इंडिकेच्या वळणाचा. पंधरा लाखांची गाडी दारांत उभी करावी आणि पाहुण्यानें "इंडिका मोठी दिसते" म्हणावें, हें कोणत्या मराठी गृहस्थाला सोसेल? मागाहून दोनच चाकें ओढणाऱ्या स्वस्त गाड्या काढल्या, किंमत उतरविली. पण एकदां उतरलेली किंमत विकणाऱ्याची अडचणच बोलून दाखविते.

जानेवारी २०१७ मध्यें आरियाच्याच हाडांवर 'हेक्सा' उभी केली. तोंड रुंद, उभट. आतां तिला कुणी इंडिका म्हणेना. धुराचे नवे नियम लागू झाले तेव्हां २०२० मध्यें तीहि थांबली. तोंवर त्याच कंपनीची करवंटीच्या बांधणीची लहान 'नेक्सॉन' पुणें जिल्ह्यांतच रांजणगांवीं तयार होऊं लागली होती. सप्टेंबर २०१७ मध्यें ती बाजारांत आली, तेव्हां तिची किंमत सहा लाखांच्या आंत सुरू होत होती.