गल्ल्याला कुलूप आहे, संगणकाला?

(व्यापारी व लघुउद्योजकांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

दुकान वाढविताना व्यापारी काय करतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. गल्ला मोजला जातो, शटर खाली येते, कुलूप दोनदा ओढून पाहिले जाते आणि देवाला हात जोडून मालक घराची वाट धरतो. त्याच दुकानाच्या कोपऱ्यात एक संगणक मात्र रात्रभर चालूच असतो. उधारीची खाती, पुरवठादारांची देणी, जीएसटीची विवरणपत्रे, कामगारांचे आधार क्रमांक, बँकेचा परवलीचा शब्द असे सारे त्यात असते. गल्ल्यात त्या रात्री फार तर आठ-दहा हजार रुपये असतात. संगणकात वडिलांच्या काळापासूनचा व्यवसाय असतो. तरीही कुलूप फक्त गल्ल्यालाच लागते.

याबाबत प्रश्न केला की ठरलेले उत्तर येते, ‘आमच्यासारख्या लहान माणसाकडे येऊन चोराला काय मिळणार?’ हे उत्तर चोर माणूस असतो, तो घर निवडतो, या समजुतीवर उभे आहे. संगणकावरील हल्ल्यात बहुतेक वेळा कोणी कोणाला निवडत नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणक त्याने बंद पाडले आणि प्रत्येक पडद्यावर तीनशे डॉलरची मागणी झळकली. पुढचे दार उघडे आहे का, एवढेच तो विषाणू पाहत होता. आत इंग्लंडचे रुग्णालय आहे की एखाद्या तालुक्याच्या गावातील किराणा दुकान, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला उपलब्ध करून दिली होती. म्हणजे दोन महिने आधी औषध हाती होते. ‘नंतर पाहू’ या कळीवर ज्यांनी ते पुढे ढकलले, त्यांच्यावर घाला पडला.

त्यानंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’चा उत्पात झाला. त्याचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. त्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतूनच विषाणू बाहेर पडला. लक्ष्य युक्रेन होते. परंतु मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची यंत्रणा कोसळली आणि त्या साखळीत येथून हाकेच्या अंतरावरील न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. दोन देशांच्या भांडणाची झळ उरणच्या कंटेनरवाल्या ट्रकचालकाला लागली.

मर्स्कच्या या कथेतील एक तपशील प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. कंपनीत कोणाला कोठे प्रवेश द्यायचा, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते आणि ते परस्परांची नक्कल सतत करून ठेवत. एक बिघडला तर उरलेले आहेतच, असा भरवसा होता. विषाणूने सारे एकाच वेळी पुसून टाकले. वाचला तो एकच, आफ्रिकेतील घाना देशातला. कारण त्या वेळी तेथे वीज गेलेली होती आणि तो जाळ्याबाहेर होता! त्याच्यातील माहिती विमानाने इंग्लंडला नेण्यात आली आणि त्या आधारावर दहा दिवसांत चार हजार सर्व्हर व पंचेचाळीस हजार संगणक पुन्हा उभे करण्यात आले. एवढी मोठी कंपनी घानातील भारनियमनाने तारली. जोडलेल्या दीडशे नकला निरुपयोगी ठरल्या आणि न जोडलेली एक कामास आली.

येथेच बॅकअपचा खरा अर्थ उलगडतो. अनेक दुकानांत बॅकअप असतो, नाही असे नाही. संगणकाला एक बाह्य हार्ड डिस्क लावलेली असते आणि ती सहा महिन्यांत एकदाही काढलेली नसते. खंडणीखोर विषाणू संगणकातील फायली कुलूपबंद करतो, त्याच क्षणी या डिस्कवरच्याही करतो. काही जण गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी सारे आपोआप जाते म्हणून निश्चिंत असतात. परंतु ती सोय संगणकात जे बदलेल ते वर बदलते. फाईल बिघडली की बिघडलेली प्रतच वर जाते. जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याची व्यवस्था तेथे आहे का आणि ती किती दिवसांची आहे, हे आधी तपासलेले बरे. जाणकारांचा नियम साधा आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुकानाबाहेर, जाळ्याशी न जोडलेली असावी. दोन हार्ड डिस्क घेऊन एक आठवडा ही, एक आठवडा ती, अशी आलटून-पालटून वापरावी आणि मोकळी असलेली घरच्या कपाटात ठेवावी. खर्च काही हजारांचा. पूर, आग, चोरी या सर्वांवर तोच उतारा आहे; २०१९च्या महापुरात सांगली-कोल्हापूरच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या हिशेबाचे काय होते, हे तेथील व्यापाऱ्यांना सांगावे लागत नाही.

आणि बॅकअप घेतला म्हणजे काम झाले असेही नाही. तो परत उतरवून पाहिला पाहिजे. तीन महिन्यांतून एका रविवारी दुसऱ्या संगणकावर तो उघडावा, मागील वर्षाचे एखादे खाते काढावे, शिल्लक जुळते का ते पाहावे. बॅकअप रिकामा निघाल्याचा शोध संकटाच्या दिवशी लागण्यापेक्षा अशा रविवारी लागणे परवडते. कंपनी म्हणून नोंदणी असलेल्या व्यवसायांना तर यात निवड उरलेलीच नाही. इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवावा, असा नियम २०२२पासून आहे.

आता दारांचा विचार. अमात्य रामचंद्रपंतांच्या ‘आज्ञापत्रा’तील दुर्गप्रकरण वाचताना एक गोष्ट चकित करते. गडाला एकच दरवाजा हा मोठा दोष, म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या करून ठेवाव्यात, असे अमात्य सांगतात. पण लगेच पुढे बजावतात की, रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. संगणक सुरक्षेचा अर्धा अभ्यासक्रम या एका सूत्रात सामावला आहे. सॉफ्टवेअर दुरुस्त करायला आलेला तंत्रज्ञ दुरून काम करता यावे म्हणून एक दिंडी उघडतो, काम संपते, दिंडी तशीच राहते. लेखापाल घरून हिशेब पाहतो म्हणून ‘रिमोट डेस्कटॉप’ थेट इंटरनेटवर उघडा ठेवलेला असतो आणि त्याचा परवलीचा शब्द दुकानाचे नाव व स्थापनेचे साल असा असतो. दुकानाच्या पाटीवर रंगवलेला शब्द गुप्त कसा राहणार? वायफायच्या राउटरवर कारखान्यातून आलेलाच शब्द कायम असतो. चोर पकडण्यासाठी बसवलेला सीसीटीव्ही कॅमेराही त्यातून सुटत नाही. ‘मिराई’ नावाच्या विषाणूने २०१६ साली असे लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या बळावर अमेरिकेतील मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. मालकांना पत्ताही नव्हता की आपला पहारेकरी दुसऱ्याची चाकरी करतो आहे. अशा दिंड्या शोधून चिणून टाकणे हे एका दुपारचे काम आहे. जी ठेवणे भागच आहे, तिला मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाचे दुसरे कुलूप लावावे.

शिवकालीन गडांवर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे अधिकारी असत. एकाच्या हाती सारा कारभार नसे. कोणावर अविश्वास म्हणून नव्हे, तर एक फितूर झाला किंवा एक फसला तरी गड पडू नये म्हणून. दुकानात मात्र मालक, मुलगा, लेखापाल आणि कालच लागलेला पोरगा सारे एकाच नावाने, एकाच शब्दाने, सर्वाधिकार असलेल्या खात्यातून काम करतात. बिल फाडणाऱ्याला नवे सॉफ्टवेअर बसविण्याचा अधिकार कशाला हवा? प्रत्येकाचे खाते वेगळे करावे, अधिकार कामापुरते द्यावेत आणि नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच संध्याकाळी बंद करावे. पैसे पाठविण्याचा व्यवहार एकाने भरावा, दुसऱ्याने मंजूर करावा. बहुतेक बँका ही सोय देतात.

चोरीच्या सॉफ्टवेअरविषयी स्पष्ट बोलणे अवघड जाते, कारण ते सर्वत्र आहे. देशी उद्योगाचा अभिमान सांगणारी माणसेही बंगळुरूच्या भारतीय कंपनीने घडवलेली टॅली ‘क्रॅक’ करून वापरतात. यातील अनीती बाजूला ठेवली, तरी व्यवहार तरी पाहावा. क्रॅक बसविताना पहिली सूचना कोणती येते? ‘अँटिव्हायरस बंद करा.’ म्हणजे पहारा उठवा, मग आम्ही आत येतो. आत आणखी काय आले, हे कोण तपासणार? या प्रकाराचे एक मौजेचे मूळ इतिहासात सापडते. वैयक्तिक संगणकांवरील पहिला विषाणू समजला जाणारा ‘ब्रेन’ १९८६मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला आणि आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या नकला शोधणे हा त्यामागील हेतू होता, असे त्यांनी सांगितले. विषाणूत त्यांनी आपला पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता! आजचे विषाणू लिहिणारे एवढे भाबडे राहिलेले नाहीत.

जुनी विंडोज हाही असाच विषय आहे. विंडोज ७ला जानेवारी २०२०मध्ये आणि विंडोज १०ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने नियमित सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबविले. ‘मशीन चांगले चालते आहे’ हे खरे असते. पण त्याच्या भिंतीला पडणारी नवी भेग आता कोणी लिंपत नाही. ज्यांना नवा संगणक परवडत नाही, त्यांनी निदान बँकेचा व्यवहार त्या जुन्या यंत्रावरून करू नये.

मात्र सर्व कुलपे लावूनही आतून कडी काढणारा माणूसच असतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण महाराष्ट्र विसरलेला नाही. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. एटीएमच्या यंत्रणेत घुसवलेल्या विषाणूच्या साहाय्याने बनावट कार्डांवरून २८ देशांत पैसे काढले गेले आणि १३ तारखेला हाँगकाँगमधील खात्यात आणखी रक्कम वळविण्यात आली. एकूण आकडा सुमारे ९४ कोटी रुपये. १९०६ साली स्थापन झालेली, सहकारातील नामांकित बँक. तिचीही ही गत होते. सुट्टीचा दिवस निवडला गेला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दिवाळीच्या चार दिवसांत बंद दुकानातील संगणक चालू ठेवणाऱ्यांनी तर विशेष.

लहान व्यावसायिकाकडे हा शत्रू साध्या वेषात येतो. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने ईमेल येते, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळची रक्कम नव्या खात्यात भरावी.’ पत्रातील पत्त्यात एखादेच अक्षर वेगळे असते. अशा वेळी पूर्वीपासून जवळ असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारणे, हा एकमेव खात्रीचा उपाय आहे. त्याच पत्रातील क्रमांकावर केलेला फोन चोरालाच लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून जे येते, त्याच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नव्हे, मोबाइलमध्ये शिरणारे सॉफ्टवेअर आहे. ते बसले की बँकेचे संदेश परस्पर वाचले जातात. आणि पोलीस किंवा सीबीआयचे अधिकारी बनून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करणारे? अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही.

स्वदेशीचा मुद्दा या विषयात अपरिहार्य आहे. जुलै २०२५मध्ये युरोपीय महासंघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातमध्ये तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा अचानक खंडित केल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली, मग सेवा पूर्ववत झाल्या. भारताच्या कायद्याने कोणताही गुन्हा न केलेल्या भारतीय आस्थापनेची ईमेल परदेशातून बंद होऊ शकते, हे त्या दिवशी देशाला समजले. साताऱ्याच्या रहिमतपूरहून आलेल्या काटकर बंधूंनी पुण्यात क्विक हील उभी केली, सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली दिली, झोहोची ईमेल आता सरकारी कार्यालयांत वापरात आहे. पर्याय आहेत आणि ते वापरून पाहावेत. परंतु स्वदेशी सॉफ्टवेअरही अद्ययावत ठेवले नाही, तर तेही तितकेच उघडे पडते. देशाभिमान हा अँटिव्हायरसला पर्याय नाही.

ग्राहकांची माहिती ही आता केवळ आपली खाजगी वही राहिलेली नाही. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू होण्याची तरतूद त्यांत आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. किराणा दुकानदाराला कोणी एवढा दंड करणार नाही, हे उघड आहे. पण गरज नसताना प्रत्येक ग्राहकाच्या आधारची झेरॉक्स घेऊन ती संगणकात साठविण्याची सवय मोडायला हे कारण पुरेसे आहे. जी माहिती जवळच नाही, ती चोरीला जात नाही.

एवढे करूनही घाला पडला तर? पडद्यावर खंडणीची सूचना दिसताच प्रथम इंटरनेटची तार काढावी आणि वायफाय बंद करावे, म्हणजे बाजूचे संगणक वाचतील. फायली पुसू नयेत, विंडोज घाईने पुन्हा टाकू नये. पडद्याचे छायाचित्र घ्यावे. खंडणी देऊ नये. नॉटपेट्याच्या वेळी पैसे भरूनही कुलूप उघडणे शक्यच नव्हते, कारण त्याची किल्लीच अस्तित्वात नव्हती. बॅकअपची डिस्क त्या संगणकाला चुकूनही लावू नये. ती स्वच्छ केलेल्या किंवा नव्या यंत्रावरच उघडावी. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात वळण्यापूर्वी गोठविता येते, ती पहिल्या तासा-दोन तासांतच; दुसऱ्या दिवशी वकिलाला विचारून ठरवू म्हटले की ती हातची गेली. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत अशा घटनांची खबर सहा तासांत देण्यास सांगितले आहे.

हे क्रमांक, बँकेच्या शाखेचा क्रमांक, संगणक पाहणाऱ्या तंत्रज्ञाचा क्रमांक आणि बॅकअपची डिस्क कोठे आहे ती जागा, असे सारे एका कागदावर ठळक अक्षरात लिहून गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवावे. संगणकात लिहून ठेवल्यास त्या दिवशी ते वाचता येणार नाही.