कोंबडीच्या खाद्यात हळद, लसूण आणि मिरी

मुंबईत भायखळ्याची संत सावता माळी मंडई प्रसिद्ध आहे. भाजीचा घाऊक व्यापार पुढे वाशी येथे गेला, तरी आले, लसूण, मिरची यांची येथील उलाढाल थांबलेली नाही. तेथून लालबागकडे जावे, तर हळकुंडे, मिरी, लवंग, दालचिनी यांची दुकाने आणि मसाला कुटणारे डंख दिसतात. याच टापूत दोन जुन्या संस्था आहेत. भायखळ्याचे सर ज. जी. रुग्णालय १८४५ पासून माणसांची, तर परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून मुक्या प्राण्यांची चिंता वाहत आहे. मसाल्याचा बाजार व या दोन संस्था यांचा परस्परसंबंध काय, असा प्रश्न कोणीही विचारील. तो संबंध कोंबडीच्या खाद्यातून येतो.

१९५० च्या सुमारास अमेरिकेत असे आढळून आले की, खाद्यात प्रतिजैविक औषध अत्यल्प प्रमाणात मिसळले असता निरोगी पक्षीदेखील अधिक वेगाने वाढतो. ब्रॉयलरच्या धंद्यास ही गोष्ट वरदान वाटली. परंतु थोड्या औषधाच्या नित्य सहवासाने जंतू त्या औषधास दाद देईनासे होतात. असे जंतू मांस, विष्ठा व पाणी यांच्या वाटे माणसापर्यंत पोहोचले, म्हणजे रुग्णाच्या उशाशी असलेले औषध कुचकामी ठरते. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके देण्यास बंदी केली. युरोपीय संघात ती १ जानेवारी २००६ पासून अमलात आली. भारत सरकारने २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता तयार करण्यास व विकण्यास मनाई केली. इतर उपाय थकल्यावर माणसाच्या उपचारात हाती उरणाऱ्या औषधांपैकी ते एक आहे. मग त्याऐवजी काय द्यावे, या शोधात शास्त्रज्ञांची दृष्टी मसाल्याच्या डब्याकडे वळली.

हळदीतील कुरकुमीन दाहशामक आहे. लसणाची पाकळी ठेचली म्हणजे तिच्यातील विकराच्या क्रियेने ॲलिसिन तयार होते व ते जंतूंना मारक ठरते. अखंड पाकळीत ते नसते. ओव्यातील थायमॉल व लवंगेतील युजेनॉल यांचाही गुण असाच जंतुरोधक आहे. कुरकुमीन आतड्यातून रक्तात फारसे शोषले जात नाही, परंतु मिरीतील पायपरीन सोबत असल्यास ते शोषण वाढते. मिरचीची गोष्ट तर मौजेची आहे. तिचा तिखटपणा ज्या ग्राहीमुळे माणसास झोंबतो, तो ग्राही पक्ष्यांमध्ये त्या द्रव्यास दाद देत नाही. म्हणूनच पोपट हिरवी मिरची चवीने खातो, आणि कोंबडीलाही तिखटाचे खाद्य वर्ज्य नाही.

हळदीचा आणखी एक उपयोग अधिक महत्त्वाचा मानावा लागेल. ओलसर मका व शेंगदाण्याची पेंड यांवर वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण होते व पक्ष्याचे यकृत बिघडते. हळदीमुळे ही हानी काही अंशी कमी होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. अर्थात मका वाळवून साठविणे हाच खरा उपाय. हळदीच्या भरवशावर बुरशीचा मका वापरणे हा शुद्ध अविचार होय.

वजनवाढीविषयीचे निष्कर्ष मात्र सारखे नाहीत. काही प्रयोगांत लाभ दिसला, काहींत मुळीच नाही. पावडरीचा कस, पक्ष्यांचे आरोग्य व शेडची स्वच्छता यांवर बरेच अवलंबून असते. यास्तव हिशेब करूनच पाऊल टाकावे. दोन किलोचा पक्षी तयार होण्यास साडेतीन किलो खाद्य लागते असे धरले आणि किलोमागे ५ ग्रॅम हळद घातली, तर एका पक्ष्यास साडेसतरा ग्रॅम, म्हणजे हजार पक्ष्यांस साडेसतरा किलो हळद लागेल. तिच्यामुळे प्रत्येक पक्ष्यामागे १०० ग्रॅम खाद्य वाचले, तर एकूण बचत १०० किलो खाद्याची. म्हणजे हळदीचा भाव खाद्याच्या भावाच्या पावणेसहा पटींहून कमी असेल, तरच पदरात काही पडते. सांगलीच्या बाजारातील उत्तम हळकुंडे या कामी परवडणार नाहीत. स्वच्छ, कोरडा चुरा चालेल. चुरा म्हणजे कचरा नव्हे, हे मात्र विसरू नये. बाजारातील हळदीत रंगासाठी लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत, आणि ते शिसे कोंबडीच्या पोटात गेले की तिच्यापुरते थांबत नाही. बुरसलेली मिरची स्वतःच अफ्लाटॉक्सिनचे घर असते. सबब हळकुंडे घेऊन डंखावर समक्ष कुटून घेणे श्रेयस्कर.

मसाला म्हणजे लस नव्हे. मानमोडी आली असता खेड्यात लसूण व हळद चारण्याची चाल आहे, परंतु विषाणूजन्य रोगावर तिचा इलाज होत नाही. मानमोडी व गंबोरो यांच्या लसी वेळेवर टोचणे वा पाजणे आणि तुसाची गादी कोरडी राखणे यांना पर्याय नाही. तसेच करारावर पक्षी वाढविणाऱ्यास खाद्य कंपनीकडून येते. त्यात परस्पर काही मिसळण्यापूर्वी त्याने करार वाचावा. हा विचार मुख्यत्वे स्वतःचे खाद्य बनविणाऱ्यांसाठी आहे.

ज्या गावात असे कुक्कुटपालक आहेत, तेथील शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून एक साधा प्रयोग करवून घेता येईल. एका दिवशी आणलेल्या पिलांचे दोन सारखे गट करावेत. एकास नेहमीचे खाद्य, दुसऱ्यास त्याच खाद्यात किलोमागे ५ ग्रॅम हळद द्यावी. जागा, पाणी व लसी दोन्ही गटांस सारख्याच असाव्यात. दर आठवड्यास वजन, संपलेले खाद्य व मेलेले पक्षी यांची नोंद ठेवावी, आणि सहाव्या आठवड्याअखेर ती वही पशुवैद्यकीय दवाखान्यातील अधिकाऱ्यास दाखवावी.