सदर्न बर्डविंग : एका वेलीवर तोललेले जीवन



सदर्न बर्डविंग हे दक्षिण भारतातील, विशेषतः पश्चिम घाटातील प्रदेशनिष्ठ फुलपाखरू. कर्नाटकाने त्याला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला आहे. त्याचे पुढील पंख काळे, तर मागील सोनेरी पिवळे असतात. १९३२ साली नोंदविलेल्या एका नमुन्याचा पंखविस्तार १९० मिलिमीटर होता. २०२० मध्ये हिमालयातील गोल्डन बर्डविंगची १९४ मिलिमीटरची नोंद प्रसिद्ध होईपर्यंत भारतातील सर्वांत मोठ्या फुलपाखराचा मान याच जातीकडे होता.

सदाहरित व पानझडी वनांप्रमाणेच झुडपी रानांत आणि बागांतही ते आढळते. सकाळी ते वृक्षांच्या शेंड्यांवरून विहरते आणि मकरंदासाठी घाणेरीच्या फुलांवरही उतरते.

प्रौढ फुलपाखराला अनेक प्रकारची फुले चालतात. मादी मात्र ईश्वरीच्या कुळातील वनस्पतींवरच अंडी घालते. या वनस्पतींची विषारी द्रव्ये सुरवंट पानांबरोबर पोटात घेतो व शरीरात साठवितो. त्यामुळे पक्षी त्याला टाळतात. प्रौढावस्थेतही हे संरक्षण टिकते.

सदर्न बर्डविंगच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टान्वये नियंत्रण आहे. तथापि औषधासाठी ईश्वरीची मुळे खणली गेली किंवा तण समजून वेली काढल्या गेल्या, तर व्यापारावरील निर्बंध पुरेसे ठरत नाहीत. वन उभे असते, फुलेही असतात. परंतु पुढची पिढी जन्मत नाही.

म्हणून अधिवास-संरक्षणाचा विचार करताना केवळ वनाच्छादनाचे क्षेत्रफळ पाहू नये. त्या वनात सुरवंटाचे अन्न शिल्लक आहे काय, हा प्रश्न प्रथम विचारावा.