स्फटिकाचा निळा रंग



  अध्यक्ष म्हणून प्रथेप्रमाणे परिषदेच्या वर्षभरातल्या कामाचा आढावा मी घ्यायला हवा. तो पुस्तिकेत छापला आहे. मला एका निळ्या स्फटिकाविषयी बोलायचं आहे. पंचवीस वर्षं ते राहून गेलं.

अझुरिन हे जिवाणूंतलं तांब्याचं प्रथिन. त्यातल्या तांब्यावर दोन धनभार असतील तर रंग गडद निळा. एक इलेक्ट्रॉन मिळाला की रंग जातो. परदेशातल्या एका सिंक्रोट्रॉनवर मी असा स्फटिक १०० केल्विनला गोठवून क्ष-किरणांत धरला. विवर्तनाचे ठिपके शेवटपर्यंत रेखीव उमटले. मग सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. किरण गेला त्या पट्ट्यातला निळा पार उडाला होता, फक्त कडा निळ्या होत्या. आम्ही मोजलं ते निळं प्रथिन नव्हतंच! लेखात तसं लिहिलं, तर परीक्षकाने ते वाक्य काढायला लावलं. विवर्तन एवढं चांगलं असताना शंका कशाला, असं त्याचं म्हणणं. मी काढलं. ते काढायला नको होतं.

काल चर्चेत कुणी म्हणालं, गोठवलं की भागतं. नाही भागत. थंडीत मोठे रेणू जागचे हलत नाहीत, पण किरणांनी पाण्यातून सोडवलेले इलेक्ट्रॉन १०० केल्विनलाही धावतात आणि धातू गाठतात. गोठवलेल्या स्फटिकाने किती क्ष-किरण मात्रा शोषावी याला संशोधक हेंडरसन यांनी १९९० मध्ये २ कोटी ग्रेची मर्यादा सुचवली, २००६ च्या प्रयोगांनी ती ३ कोटींवर नेली. दोन्ही आकडे विवर्तन कधी मंदावतं ते सांगतात. धातू त्याच्या किती आधी बदललेला असतो! आपण मात्र त्याच आकड्यांवर विसंबून निर्धास्त राहतो.

वनस्पतींतल्या फोटोसिस्टिम-२ चंच बघा. पाण्यातून ऑक्सिजन सुटतो तो तिथल्या चार मँगनीज आणि एका कॅल्शियमच्या गाठीवर. स्फटिकविज्ञानात वापरल्या जाणाऱ्या मात्रेला त्यातलं बहुतांश मँगनीज दोन धनभारांवर उतरतं, हे २००५ मध्ये वर्णपटांनी दाखवलं. २०११ मध्ये जपानी गटाची १.९ अँगस्ट्रॉमची देखणी रचना आली. २०१५ मध्ये साक्ला या क्ष-किरण लेसरच्या फेम्टोसेकंदांच्या स्पंदांनी, नुकसान व्हायच्या आत, पुन्हा मोजलं तेव्हा मँगनीजमधली काही अंतरं ०.१ ते ०.२ अँगस्ट्रॉमने कमी भरली. एवढ्याशा फरकावर ऑक्सिजन कसा सुटतो याचा सगळा वाद उभा आहे.

असा लेसर आपल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला कितीदा येणार? पण क्ष-किरणांच्या आधी आणि नंतर स्फटिकावर प्रकाश टाकून वर्णपट घेणं आवाक्यातलं आहे. वर्णपटाशिवाय धातूचा धनभार छापू नये, एवढंच माझं मागणं. त्यासाठी परिषदेने एक समिती नेमावी. सभासद आणि खर्च पुढे ठरवू.

नुकसान टाळायची आणखी एक वाट आहे: २००२ मध्ये हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज या लोहयुक्त विकरावर अनेक स्फटिकांची थोड्या थोड्या मात्रेची मोजमापं एकत्र जोडली गेली. माझ्याकडेही अझुरिनच्या त्या प्रयोगातल्या बारा स्फटिकांची मोजमापं आहेत. प्रत्येकाच्या विवर्तनाच्या पहिल्या काही चौकटी जोडल्या तर त्यात तो निळा कदाचित अजून सापडेल. डेटा जुन्या टेपवर आहे. ती वाचणारं यंत्र कुणाकडे चालू असेल, तर चहाच्या वेळी मला जरूर भेटा.